चुंबकापर्यंत पोहोचायला चार महिने

रेझिन, हार्डनर, साचा, सगळं तयार होतं आणि मी चार महिने नुसती चुंबकाच्या वेळेसाठी थांबले होते. अजून आठवलं की चिडचिड होते.

काम द्रव-स्फटिकी इपॉक्सीचं, म्हणजे हार्डनर घालून घट्ट होणारं असं रेझिन, ज्याचे रेणू द्रवासारखे वाहतात, तरी स्फटिकासारखे एका दिशेने रांगेत राहतात. यातल्या ताठ रेणूंमधली बेंझिनची कडी चुंबकीय क्षेत्राला समांतर राहू पाहतात. एकट्या रेणूला उष्णतेचे धक्के स्थिर राहू देत नाहीत, पण द्रव-स्फटिकी अवस्थेत लाखो रेणू एकत्र वळतात. तसे वळलेले असताना रेझिन घट्ट झालं की ती दिशा कायमची. लॉस अलामॉसच्या गटाने 1998 साली दाखवलं होतं की क्षेत्राच्या दिशेने ताठरपणा साधारण 3 वरून 8 गिगापास्कलवर (ताठरपणाचं एकक) जातो.

त्यासाठी लागणारं जोरदार क्षेत्र आमच्याकडे नव्हतं, म्हणून दुसऱ्या संस्थेच्या एनएमआर विभागात (तिथे जोरदार चुंबकात नमुने ठेवून रेणूंची रचना तपासतात) अर्ज केला. 400 मेगाहर्ट्झचं यंत्र, म्हणजे चुंबकीय क्षेत्र 9.4 टेस्ला. फॉर्ममध्ये रकाना होता: ‘सॉल्व्हंट (नमुना विरघळवायचा द्रव) कोणता?’ माझ्या नमुन्यात सॉल्व्हंटच नाही. रकाना रिकामा ठेवला, अर्ज परत. ‘लागू नाही’ लिहिलं, परत. प्रत्येक फेरीला तीन-चार आठवडे. तिसऱ्यांदा विचारलं, 150 अंशांची वस्तू आत घातल्यावर चुंबकाचं काय? हा प्रश्न अगदी रास्त होता. चुंबक थंड ठेवणाऱ्या आतल्या द्रव हेलियमला धोका झाला तर नुकसान प्रचंड. पण तो पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता! शेवटी सरांना घेऊन मी स्वतः गेले. दुहेरी भिंतीची निर्वात काचनळी आणि आत गरम हवा, एवढं टेबलावर सहा तास चालवून दाखवलं. बाहेरची काच हाताला गार. त्याच आठवड्यात वेळ मिळाली. तुम्ही अर्जासोबतच आकृती आणि तापमानाची नोंद जोडा.

विजेची तार गुंडाळून तापवू नका, क्षेत्रात ती थरथरते. थर्मोकपल (दोन धातूंच्या तारांचा तापमान मोजणारा जोड) के टाइपचा नको, त्यातली एक तार चुंबकीय असते, तांबं-कॉन्स्टंटनचा (कॉन्स्टंटन म्हणजे तांबं-निकेलचा मिश्रधातू) घ्या. आणि जेल होण्याआधी, म्हणजे रेझिन वाहायचं थांबण्याआधी, नमुना आत हवा. त्यानंतर कितीही टेस्ला लावा, रेणू हलत नाहीत.

क्ष-किरण चित्रात पूर्ण वर्तुळाऐवजी समोरासमोर दोन कमानी दिसल्या, म्हणजे रेणू खरंच एका दिशेने वळले होते, तेव्हा मी घरी आईला फोन केला.

हो, एक राहिलंच. साच्यावर क्षेत्राची दिशा आधीच कोरून ठेवा. माझ्या दोन पट्ट्या आडव्या कापल्या गेल्या, आणि आडव्या दिशेने हा पदार्थ कमजोरच असतो.