दीडशे बारवर निघालेली बस

जूनमधल्या एका सोमवारी संध्याकाळी साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान आमच्या डेपोच्या चार सीएनजी बस रस्त्यात उभ्या राहिल्या. इंजिन, क्लच, गिअर सगळं ठीक होतं. गॅस संपला होता.

डिझेल संपलं तर कॅनमधून आणून ओतता येतं, गॅसची बस मात्र ओढूनच न्यावी लागते. त्यातली एक पुलाच्या चढावर अडकली होती. ब्रेकच्या हवेचा दाब उतरल्यामुळे मागची चाकं स्प्रिंग ब्रेकने (हवा गेली की स्प्रिंगच्या जोराने आपोआप लागणारा ब्रेक) जाम. आधी चाकांना ठोकळे लावले, टो-बार (बस ओढायचा लोखंडी दांडा) जोडला आणि मगच मागच्या दोन्ही ब्रेक चेंबरचे (ब्रेकची स्प्रिंग असलेले डबे) रिलीज बोल्ट पान्याने फिरवून ब्रेक सोडवले. हा क्रम उलटा झाला तर चढावर बसला धरून ठेवायला काहीच उरत नाही. पाऊण तास पूल तुंबला आणि मागे आमच्याच तीन बस प्रवाशांसकट खोळंबल्या.

रात्री हिशेब मांडला. गॅसचा दाब ‘बार’ या एककात मोजतात. आमच्या बसच्या टाक्यांत २०० बार दाबाला साधारण १०० किलो गॅस मावतो. शहरातल्या गर्दीत किलोला पावणेतीन किलोमीटर मिळतात. शेवटचे २०-२५ बार वापरता येत नाहीत, कारण तेवढ्या दाबावर रेग्युलेटर (टाकीतल्या गॅसचा दाब कमी करून तो इंजिनला देणारा भाग) इंजिनला पुरेसा गॅस देऊ शकत नाही. म्हणजे पूर्ण भरलेली बस २४० किलोमीटर धावते, १५० बारवर निघालेली १७५. त्या चारही बसचं शेड्यूल २०५ किलोमीटरचं होतं. सकाळची पाळी सुखरूप गेली आणि ऐन गर्दीच्या फेरीला बस थांबल्या.

रात्री भरलेल्या बसमध्ये पहाटे दाब कमी का? रिकाम्या टाकीत गॅस वेगाने भरला की तो दाबला जाऊन तापतो. तापलेल्या गॅसमुळे काटा २०० वर जातो आणि भरणारा नोझल काढतो. पावसाळी रात्रीत टाकी निवली की काटा १७० वर येतो. त्यात आमचा पंप पाइपलाइनवर नाही. तिथे गॅस ट्रकवरच्या सिलिंडरांतून येतो. ट्रकला उशीर झाला की रांगेतल्या शेवटच्या बसना १५० बारसुद्धा कसेबसे मिळतात. नेमक्या त्याच बस पहाटे लांबच्या शेड्यूलवर गेल्या होत्या, कारण फाटकावर काटा पाहायची पद्धतच नव्हती. ही चूक चालकांची मुळीच नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून फाटकावरच्या वहीत बस नंबरासमोर दाब लिहिणं सुरू केलं. १८० च्या वर असेल तरच लांबचं शेड्यूल, नाहीतर छोटी फेरी. कमी दाबाच्या बस दुपारी एक ते तीनमध्ये, पाळी बदलताना, पुन्हा भरून घ्यायच्या. पंप सात किलोमीटरवर आहे. जाऊन-येऊन चौदा किलोमीटर विनाउत्पन्न पडतात, पण त्या वेळी बस तशाही अर्ध्या रिकाम्या धावतात. संध्याकाळची भरलेली फेरी बुडण्यापेक्षा हा खर्च परवडतो. वाहकांचा पगार, कर्ज, विमा हे बस उभी राहिली तरी द्यावंच लागतं.

आता भाडेकरारावर इलेक्ट्रिक बस येणार आहेत. अशा करारात बस आमच्या कारणाने ठरलेल्या किलोमीटरपेक्षा कमी धावली, तरी न धावलेल्या किलोमीटरचेही पैसे सहसा मोजावे लागतात. म्हणून त्याच वहीत बॅटरीच्या टक्केवारीचा रकाना आत्ताच आखून ठेवला आहे.