मुरुमे, साखर आणि उपवासाची खिचडी

घरातल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीच्या गालावर मुरुमे उठू लागली की आधी तळणावर बंदी येते, मग आंबा 'उष्ण' म्हणून ताटाबाहेर जातो आणि शेंगदाण्याच्या चटणीकडेही संशयाने पाहिले जाते. गोड चहा, बिस्किटे आणि पाव-जॅम मात्र निर्धास्त चालू राहतात. ही झडती चुकीच्या डब्यांची चालली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

भज्यांतले तेल थेट चेहऱ्यावर उतरत नाही. त्वचेतला तेलकट स्राव तैलग्रंथी स्वतः तयार करतात आणि त्याचे प्रमाण मुख्यतः अँड्रोजेन गटातील संप्रेरके ठरवतात. मैदा, साखर यांसारख्या पदार्थांनी रक्तातली साखर झपाट्याने चढते, तिला आवरण्यासाठी इन्शुलिन वाढते, आणि हे वारंवार घडत राहिले तर आयजीएफ-१ या वाढीच्या घटकाची आणि अँड्रोजेनची क्रिया जोर धरते. परिणामी स्राव वाढतो, रंध्रांच्या तोंडाशी मृत पेशी साचतात आणि तिथे जीवाणूंचे फावते.

या विषयावरचे १९६९ सालचे एक अमेरिकन संशोधन बोलके आहे. त्यात ६५ जणांना काही आठवडे चॉकलेटची वडी आणि काही आठवडे चॉकलेटविरहित वडी देण्यात आली, मुरुमांत फरक पडला नाही आणि आहार निर्दोष ठरला. अडचण एवढीच की दुसऱ्या वडीतही साखर आणि स्निग्धांश जवळपास तेवढेच होते! पुढे २००७ मध्ये ऑस्ट्रेलियात १५ ते २५ वयोगटातील ४३ तरुणांवर १२ आठवड्यांचा प्रयोग झाला. रक्तातली साखर सावकाश वाढवणारा आहार घेणाऱ्यांची मुरुमे दुसऱ्या गटापेक्षा अधिक कमी झाली. अर्थात त्यांचे वजनही घटले होते, त्यामुळे सगळे श्रेय केवळ पदार्थांच्या निवडीला देता येत नाही.

आपल्याकडे याचा सर्वांत गमतीदार परिणाम उपवासाच्या दिवशी दिसतो. 'आज हलके खाल्ले' असे समाधान देणारी साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, जोडीला बटाटा. त्यातल्या त्यात दाण्याचे कूट आणि तूप तिचे पचन थोडे संथ करतात, म्हणजे ज्यांच्यावर आळ येतो तेच इथे उपकार करतात. रोजच्या जेवणात भाताचा ढीग थोडा कमी करून उसळ, वरण आणि भाजी वाढवणे हा आंबा सोडण्यापेक्षा शहाणपणाचा बदल ठरेल.

दुधाबाबतचा पुरावा कच्चा आहे. अमेरिकेतील ४७ हजारांहून अधिक परिचारिकांनी सांगितलेल्या शालेय वयातल्या आहाराच्या आठवणींत दूध आणि मुरुमे यांचा संबंध दिसला, आणि तो साय काढलेल्या दुधाशी अधिक होता. पण आठवणींवर बेतलेल्या पाहणीवरून कोणाचे दूध तोडू नये. व्यायामशाळेत जाणाऱ्या मुलांनी मात्र दुधापासून काढलेल्या व्हे प्रोटीनची भुकटी सुरू केल्यावर पाठीवर मुरुमे उठली, तर ती काही आठवडे थांबवून पाहावी.

आहार बदलला तरी खोलवरच्या, दुखऱ्या, खड्डे पाडणाऱ्या मुरुमांना त्वचारोगतज्ज्ञांचे औषधच लागते, आणि त्याचाही परिणाम दिसायला दोन-तीन महिने जातात. मुरुमांसोबत मुलीची पाळी अनियमित असेल किंवा हनुवटीवर राठ केस येत असतील, तर तिचा डबा बदलत बसण्याआधी पीसीओएस या अंडाशय आणि संप्रेरकांशी संबंधित विकाराची तपासणी करून घ्यावी.