माघात पेरायची परसबाग

परसबागेविषयी वाचायला मिळणारे बरेचसे मार्गदर्शन थंड प्रदेशांतल्या लोकांनी लिहिलेले असते आणि वसंताच्या सुरुवातीसाठी त्यातली पहिली सूचना ठरलेली असते, की दहिवर गोठण्याचे दिवस संपेपर्यंत थांबा. सांगलीत राहणाऱ्या माणसाला या सूचनेचा काडीचाही उपयोग नाही. आपल्याकडची थंडी भाजीला मारत नाही. जे सोसायचे ते पुढे, चैत्र-वैशाखात असते. म्हणून ऊन तापायच्या आत रोपांची मुळे खोल उतरली पाहिजेत, एवढा एकच हिशेब धरून मी दरवर्षी बाग मांडते आणि बी, माती, पाणी, सावली यांविषयीचे बाकीचे सगळे निर्णय त्या हिशेबातूनच घेते.

‘होळी जळाली, थंडी पळाली’ हे खरे असले तरी होळीनंतर जागे होणाऱ्याची बाग उन्हाळ्यात नुसती तगून राहते, भाजी देत नाही. पेरणीचा खरा काळ रथसप्तमी ते महाशिवरात्र, म्हणजे साधारण जानेवारीअखेरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा. त्याआधी घाई केली तर भेंडी आणि गवार यांचे बी गार मातीत पडून राहते, कारण ही दोन्ही उबेची पिके आहेत. उशीर केला तर कोवळी रोपे मार्चच्या झळांत सापडतात. फेब्रुवारीच्या मध्याला टोचलेली भेंडी ४५ ते ५० दिवसांत पहिला तोडा देते, तो एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात येतो आणि बाजारात भाज्यांचे दर चढू लागलेले असतात तेव्हाच घरची भेंडी सुरू होते. काकडीलाही जवळपास तेवढेच दिवस लागतात, दुधी आणि दोडका थोडे अधिक घेतात. माझ्या नणंदेचे घर साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी आहे. सातारा आपल्यापेक्षा उंचावर असल्यामुळे तिथल्या रात्री अधिक दिवस गार राहतात, म्हणून ती हेच बी आठवडाभर मागे ठेवते.

आता मातीविषयी, कारण बाग बसते किंवा फसते ती इथेच. कृष्णाकाठची काळी माती उसाला आणि हळदीला मानवते म्हणून कुंडीतल्या मेथीलाही मानवेल असे समजू नये. ही माती पाणी पिऊन फुगते, सुकली की आकसते आणि तिला बोटभर रुंदीच्या भेगा पडतात. त्या भेगांत कोवळी मुळे अक्षरशः तुटतात. सांगलीला लागून असलेल्या हरिपूरच्या लोकांनी जमिनीत पेवे खणून हळद साठवली आणि ती वर्षानुवर्षे टिकली, यावरूनच तिथली खालची माती किती घट्ट असेल ते समजावे. हवा आणि पाणी आत शिरत नाही हा पेवाचा गुण आहे. वाफ्यासाठी तो दोष ठरतो. (२००५ च्या महापुरात त्यातली बरीच पेवे निकामी झाली, ही हळहळ वेगळी.)

काळी माती हलकी करण्यासाठी तिच्यात वाळू मिसळण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो पटत नाही, कारण थोडी वाळू आणि चिकणमाती यांचे मिश्रण सुकल्यावर आणखी कडक होते. त्याऐवजी निम्मी काळी माती, निम्म्याला थोडे कमी पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळ खत आणि उरलेले भाताचे तूस असे मिश्रण मी करते. शिराळ्याकडे भात पिकतो, त्यामुळे तूस आपल्या जिल्ह्यात सहज मिळते आणि ते लवकर कुजत नसल्याने माती वर्षभर मोकळी राहते. शेणखत कुजले आहे की नाही हे ते हातात घेतल्यावर कळते; त्याला शेणाचा वास येत असेल किंवा ढिगाच्या पोटात हात घातल्यावर ऊब लागत असेल तर ते अजून तयार नाही. मिश्रणात मूठभर निंबोळी पेंड टाकली की पुढे हुमणीचा, म्हणजे मातीत राहून मुळे खाणाऱ्या अळीचा, त्रास कमी होतो. नदीकाठच्या वसाहतींत पुरानंतर जो गाळ साचतो तो फुकट मिळतो आणि दिसायला लोण्यासारखा असतो, परंतु शहरातून वाहून आलेल्या पाण्यात गटारे, तेल, काचा असे काय काय मिसळलेले असते याचा विचार करता पालेभाजीसाठी तो मी कधीच घेत नाही.

पेरणीच्या आधी वाफसा पाहावा. वाफ्याला भरपूर पाणी देऊन सोडावे आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वरची दोन बोटे माती बाजूला सारून खालची मूठभर माती आवळावी. बोटांच्या फटींतून ती चिखलासारखी बाहेर आली तर अजून ओल जास्त आहे; मुठीतच भुगा झाली तर उशीर झाला. आवळल्यावर लाडू वळला जावा आणि तो कमरेच्या उंचीवरून खाली सोडल्यावर फुटून मोकळा व्हावा, तोच वाफसा. आमच्या गल्लीत भाजी घेऊन येणाऱ्या आक्का मळेवाल्या आहेत. त्यांना मी एकदा विचारले होते, “आक्का, काल पाणी दिलंय, आज बी टोचू का?” त्यांनी डोक्यावरची पाटी खाली न ठेवताच वाफ्यात अंगठा खुपसून पाहिला आणि म्हणाल्या, “आज नगं वैनी, परवा. आत्ता टोचलंसा तर बी गुदमरतंय बघा.”

जागा नसलेल्यांनी महागड्या कुंड्यांच्या मागे लागू नये. द्राक्षांच्या आपल्या मुलखात प्लॅस्टिकचे जुने क्रेट ठिकठिकाणी विकायला असतात. त्यांना आतून जुन्या शेडनेटचा किंवा पोत्याचा अस्तर लावला की पाणी निघून जाते, माती मात्र राहते, आणि बाजूच्या जाळीतून मुळांना हवा मिळते. पालेभाज्या, मिरची, मुळा यांना एवढी खोली पुरते. भेंडीचे सोटमूळ खोल जाते, म्हणून तिला शक्य तर जमीन किंवा मोठा ड्रम द्यावा, आणि तिचे बी जागेवरच टोचावे, रोप उपटून दुसरीकडे लावण्याच्या फंदात पडू नये. गच्चीवर बाग करणाऱ्यांनी ओल्या मातीचे वजन विसरू नये. एक भरलेला क्रेट सहज ५० किलोच्या घरात जातो, तेव्हा क्रेट स्लॅबच्या मध्यावर न मांडता भिंतीच्या आणि तुळईच्या कडेने मांडावेत.

बियाण्याच्या बाबतीत माझा कल सरळ सुधारित वाणांकडे आहे, कारण त्यांचे बी पुढच्या वर्षी राखता येते आणि संकरित वाणांचे राखून उपयोग नसतो. भेंडीत परभणी क्रांती हा मराठवाड्याच्या कृषी विद्यापीठाचा वाण जुना झाला तरी घरच्या बागेला चांगला आहे. पांढऱ्या माशीमुळे पसरणाऱ्या हळद्या रोगाला तोंड देता यावे म्हणून तो भेंडीच्या एका रानटी भावकीशी संकर करून आणि मग निवडीने स्थिर करून तयार केलेला आहे, म्हणून त्याचे बी राखता येते. काकडीत राहुरी कृषी विद्यापीठाची हिमांगी, गवारीत पुसा नवबहार हे वाण मिळाले तर घ्यावेत. भेंडीचे बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवावे, कारल्याच्या जाड बियांना तर त्याहून अधिक वेळ भिजू द्यावे आणि ओल्या फडक्यात बांधून मोड दिसल्यावरच लावावे. वांगी आणि टोमॅटो यांची रोपे तयार व्हायला पाच-सहा आठवडे लागतात, तेवढा वेळ आता हाताशी नसतो. ती रोपवाटिकेतून आणणेच शहाणपणाचे. कृष्णाकाठच्या वांग्याची चव ज्याने चाखली आहे त्याला दुसरे रोप आणा असे सांगून उपयोगही नाही.

टोमॅटोबद्दल मात्र स्पष्ट लिहिते. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यानंतर त्याची रोपे लावू नयेत. पारा ३५ अंशांच्या वर राहू लागला की त्याची फुले फळ न धरताच गळतात, आणि जी फळे धरतात त्यांना पुरता लाल रंग चढत नाही, कारण टोमॅटोला लाली देणारे रंगद्रव्य अशा उष्णतेत नीट तयारच होत नाही. घेवड्याचेही तसेच. सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला भौगोलिक मानांकन मिळाले हे अभिमानाचे असले तरी तो पावसाळी हंगामाचा आहे, उन्हाळी बागेत त्याचा मोह टाळावा.

घेवडा टाळण्याचे आणखी एक कारण पाणी हे आहे. सांगली-मिरजेच्या अनेक भागांत बोअरचे पाणी मचूळ असते. कुंडीच्या कडेवर आणि मातीच्या पृष्ठभागावर पांढरा थर दिसू लागला की क्षार साचत आहेत हे ओळखावे. घेवड्याला हे क्षार अजिबात सोसत नाहीत, पालक आणि बीट यांना बरेच सोसतात. उसाचे अमाप पाणी पिऊन कृष्णाकाठची हजारो एकर जमीन क्षारपड कशी झाली हे आपण पाहतोच आहोत; कुंडीत तेच छोट्या प्रमाणावर घडते. फरक इतकाच की कुंडी धुता येते. दोन-तीन आठवड्यांतून एकदा नळाचे गोडे पाणी तळाच्या छिद्रांतून भरपूर वाहून जाईपर्यंत द्यावे, म्हणजे क्षार निघून जातात. नवीन पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या तर ती बहुधा लोहाची कमतरता असते. आपल्या चुनखडीयुक्त मातीत लोह असते, पण मुळांना ते घेता येत नाही. अशा वेळी खताचा मारा न करता शेणखत आणि ताक यांचा वापर वाढवावा, असा माझा अनुभव आहे.

पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, ही आपल्या जिल्ह्याला मिळालेली मोठी सोय आहे, आणि तिचा आपण नीट उपयोग करत नाही. ऊसतोडीचा हंगाम आणि आपली लावणी एकाच वेळी येतात, त्यामुळे ज्या फडात पाचट पेटवून देणार असतील तिथे विचारले तर शेतकरी दोन पोती आनंदाने देतो. रोपे वीतभर झाली की त्यांच्या बुडाभोवती दोन-तीन इंच जाडीचे पाचट पसरावे, देठापासून चार बोटे जागा मोकळी ठेवावी. भर दुपारी उघड्या मातीवर हात टेकवत नाही, पण पाचट उचलून खाली बोट घातले तर तिथे गारवा आणि ओल दोन्ही लागतात, इतका फरक पडतो. ते मातीत मात्र मिसळू नये. कोरडे पाचट कुजवताना मातीतले जीवाणू नत्र स्वतःसाठी ओढून घेतात आणि रोपे पिवळी पडतात. वाळवीचा संशय आला तर त्या जागेचे आच्छादन उचलून उन्हात टाकावे.

सावलीचा विचार पेरणीच्या दिवशीच करायला हवा, मार्चमध्ये शेडनेट विकत आणताना करून भागत नाही. त्रास सकाळच्या उन्हाचा नसतो, दुपारी दोननंतर पश्चिमेकडून येणाऱ्या उन्हाचा असतो. म्हणून दुधी, दोडका, कारले यांचा मांडव वाफ्याच्या पश्चिमेला घालावा आणि मेथी, कोथिंबीर, चुका, राजगिरा यांचे वाफे त्याच्या पूर्वेला ठेवावेत. वेल चढेपर्यंत ऊन सौम्य असते आणि ऊन तापते तेव्हा वेलीची सावली तयार असते. शेडनेटची गरज मग फक्त पालेभाज्यांपुरती उरते. फळभाज्यांना ५० टक्के सावलीचे नेट घातले की पाने लुसलुशीत होतात आणि फळ धरत नाही.

वेलींवर फुले येतात पण फळ टिकत नाही, ही गच्चीवरच्या बागांची नेहमीची तक्रार आहे. सुरुवातीची फुले बहुतेक नर असतात, तेव्हा आठवडाभर धीर धरावा. मादी फुलाच्या मागे बोटाएवढे इवलेसे फळ आधीपासूनच दिसते, त्याच्यावर बारीक लव असते, त्यावरून ते ओळखता येते. काकडी आणि कारले यांची फुले सकाळी उमलतात, तेव्हा मधमाश्या आपले काम करतात. दुधीचे पांढरे आणि दोडक्याचे पिवळे फूल संध्याकाळी उमलते, आणि गच्चीवर त्या वेळी येणारे पतंग फार थोडे असतात. अशा वेळी ताजे नर फूल खुडून त्याच्या पाकळ्या मागे दुमडाव्यात आणि मधला पिवळ्या परागाचा दांडा मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवावा. फळ धरले असेल तर तीन-चार दिवसांत ते फुगू लागते. नसेल तर टोकाकडून पिवळे पडून गळते. धरलेल्या फळावर लगेच कागदी पिशवी चढवली की फळमाशीचा प्रश्न निम्मा सुटतो. भेंडीवर पिठ्या ढेकूण दिसला तर (द्राक्षवाल्यांना त्याची ओळख करून द्यायला नको) पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तो धुऊन काढावा आणि पाच टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी फवारावा.

एप्रिल-मे महिन्यांत वळीव येतो तो वादळ घेऊन आणि कधीकधी गाराही घेऊन, तेव्हा मांडवाच्या बांबूंना त्याआधीच तारेचा ताण द्यावा. भेंडीच्या सर्वांत निरोगी झाडावरच्या दोन शेंगा खुणेचा दोरा बांधून तशाच झाडावर वाळू द्याव्यात आणि त्यांचे बी राखेत मिसळून बरणीत भरून ठेवावे. अक्षय तृतीयेला लाल भोपळा, घोसाळी आणि पावटा यांची आळी करण्याची आपल्याकडची पद्धत आहे. त्या वेळी काकडीचा वेल बहुधा संपत आलेला असतो. तो मुळासकट न उपटता बुडाशी कापून मुळे मातीतच कुजू द्यावीत आणि त्याच मांडवाच्या खाली पावसाळी वेलींची आळी घ्यावीत.