हवेचं आणि ग्वाकामोलेचं वाकडं

ग्वाकामोले म्हणजे मेक्सिकोतली कुस्करलेल्या अ‍ॅव्होकाडोची चटणी. तिच्या वाडग्यात मधोमध खोचून ठेवलेली अ‍ॅव्होकाडोची बी पाहिली की मला हसू येतं. बी ठेवली की ग्वाकामोले काळं पडत नाही, अशी पुष्कळांची श्रद्धा आहे. श्रद्धेला पुरावा लागत नाही, पण इथे तो वाडग्यातच असतो. दुसऱ्या दिवशी बी उचलून बघा. तिच्या बुडाशी तिच्याच मापाचा हिरवागार खळगा आणि सभोवार सगळं तपकिरी. बीमध्ये कसलंही औषध नाही. ती जिथे टेकली तिथे हवा पोहोचली नाही, एवढंच तिचं कर्तृत्व. स्वच्छ धुतलेला नदीतला गोटा ठेवला असता तरी त्यानं तेवढी जागा राखलीच असती.

सगळा मामला हवेचा आहे. अ‍ॅव्होकाडोच्या पेशीत फिनॉल वर्गातली द्रव्यं आणि पॉलिफिनॉल ऑक्सिडेज नावाचं विकर (एन्झाइम) एकाच घरात, पण वेगवेगळ्या खोल्यांत राहतात. आपण काटा फिरवतो, भिंती कोसळतात, दोघांची गाठ पडते आणि बाहेरचा ऑक्सिजन आगीत तेल ओततो. त्यातून तपकिरी रंगद्रव्य तयार होतं. कापलेलं सफरचंद तांबूस पडतं ते याच कारणानं. फरक एवढाच की सफरचंद आपण कापून थांबतो आणि अ‍ॅव्होकाडो मुद्दाम चेचतो. जितकं मऊसूत कराल तितक्या जास्त पेशी फुटणार आणि तितकं ते लवकर काळवंडणार. मिक्सरला माझा विरोध आहे तो यासाठी. शिवाय मिक्सरमधून जे बाहेर येतं त्याला चमच्याखाली काही लागतच नाही; खातोय की भिंतीला लावायचंय, असा प्रश्न पडतो.

मेक्सिकोत हे काम मोल्काहेतेत करतात. मोल्काहेते म्हणजे ज्वालामुखीच्या खडकाचा, तीन बुटक्या पायांचा, आतून खरखरीत असा खल. आधी कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि खडेमीठ त्यात चेचायचं. मीठ कांद्यातलं पाणी ओढून काढतं, मिरचीचा तिखटपणा त्यात उतरतो, खलाच्या बुडाशी हिरवट रस जमतो आणि वास नाकात शिरतो. मग त्यावर अ‍ॅव्होकाडोचा गर घालून ओबडधोबड कुस्करायचा, इतका की बोटाच्या पेराएवढ्या काही फोडी शाबूत राहिल्या पाहिजेत. हा क्रम मला फार पटलेला आहे. बाकीच्यांना जेवढं बडवायचं तेवढं बडवून घ्या, अ‍ॅव्होकाडोला शेवटी आणि हलक्या हातानं. खल नसला तर वाडगा आणि काटा पुरतो, क्रम मात्र मोडू नये.

आणखी काय घालावं यावरून मोठमोठी माणसं भांडली आहेत. २०१५ साली न्यूयॉर्क टाइम्सनं ग्वाकामोलेत मटार घालायची शिफारस केली, तेव्हा खुद्द राष्ट्राध्यक्ष ओबामांनी ट्विटरवर कळवलं की वर्तमानपत्राबद्दल आदर आहे, पण मटार मान्य नाही. कांदा, लसूण, तिखट मिरची हेच खरं. मटारांच्या बाबतीत मी त्यांच्या बाजूचा. लसणीवर मात्र आमचं जमत नाही. ताजं ताजं खाताना ती गोड वाटते, पण डबा फ्रिजमध्ये गेला की रातोरात सगळ्याचा ताबा घेते आणि सकाळी डब्यात फक्त लसूण उरते. टोमॅटोचंही तेच. तो पाणी सोडतो. बिया काढून, बारीक चिरून, पानात वाढताना घालावा; साठवणीच्या डब्यात त्याला प्रवेश नको.

साठवायचंच असेल तर खरं म्हणजे ग्वाकामोले नव्हे, फळ साठवावं. अ‍ॅव्होकाडो झाडावर पिकत नाही. पूर्ण तयार झालेलं फळही झाडावर टणकच राहतं, तोडल्यावर मऊ पडायला लागतं. घाई असेल तर कागदी पिशवीत केळ्याच्या शेजारी ठेवावं; केळ्यातून निघणारा इथिलीन वायू त्याला पुढे ढकलतो. कच्चं फळ फ्रिजमध्ये घालू नये, ते तिथे धड पिकत नाही. पिकलेलं मात्र खुशाल घालावं, दोन-तीन दिवस ते आहे तसं थांबतं. पिकलंय का हे बघायला लोक अंगठा रुतवतात आणि प्रत्येक अंगठ्याचा काळा डाग आत उमटतो. त्यापेक्षा फळ तळहातावर घेऊन देठापाशी हलकेच दाबावं. हास जातीचं असेल तर रंगही सांगतो, साल हिरवी सोडून काळपट जांभळी होते.

हास म्हटल्यावर बीला थोडा न्याय द्यायलाच हवा. रुडॉल्फ हास हा कॅलिफोर्नियातला पोस्टमन. त्यानं लावलेल्या एका बीतून हे झाड उगवलं. त्यावर त्याला दुसऱ्याच जातीचं कलम बांधायचं होतं, पण कलम काही धरेना, म्हणून झाड राहिलं. फळं निघाली अशी की त्यानं १९३५ साली त्या झाडाचं पेटंट घेतलं. जगात विकली जाणारी बहुतेक अ‍ॅव्होकाडो आज हास जातीची आहेत आणि त्यांची वंशावळ कलमांवाटे त्या एका झाडापर्यंत जाते. मूळ झाड मुळं कुजून मेलं, २००२ साली ते तोडलं. तेव्हा बी मातीत खोचली तर बरंच काही करू शकते. वाडग्यात नाही.

वाडग्यासाठी लिंबू आहे. आंबटपणानं त्या विकराची चाल मंदावते आणि लिंबातलं क जीवनसत्त्व रंग चढण्याचं काम काही काळ अडवून धरतं. पण केवळ लिंबाच्या भरवशावर रात्र काढायची तर इतकं पिळावं लागतं की तोंड वाकडं होईल. त्याहून खात्रीचा उपाय ऐकायला विचित्र आहे: पाणी. ग्वाकामोले डब्यात चमच्याच्या पाठीनं दाबून दाबून भरायचं, कडेला हवेची पोकळी राहू द्यायची नाही. वरून सपाट करायचं आणि त्यावर जेमतेम अर्धा इंच पाणी चमच्यावरून अलगद सोडायचं. झाकण लावून डबा फ्रिजमध्ये. पहिल्यांदा करताना हात धजावत नाही, कारण इतक्या कष्टानं केलेल्या पदार्थावर आपण नळ सोडतोय असं वाटतं. पण गर घट्ट आणि तेलकट असतो, पाणी सहजासहजी आत शिरत नाही. आणि पाण्याच्या थरातून ऑक्सिजन फार सावकाश खाली उतरतो. दुसऱ्या दिवशी डबा कलता करून पाणी ओतून द्यायचं, एकदा ढवळायचं, मीठ चाखायचं. पाण्याला मन धजत नसेल तर प्लास्टिकचा पातळ कागद. तोही डब्याच्या तोंडावर ताणून नव्हे, थेट ग्वाकामोलेच्या अंगावर चिकटवायचा. तोंडावर ताणला तर आत हवा राहतेच, मग कागद काय कामाचा!

हा उपाय अख्ख्या फळाला मात्र लावू नये. अ‍ॅव्होकाडो पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवायचं खूळ मध्यंतरी फार पसरलं होतं. २०२२ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं ते करू नका असं बजावलं, कारण सालीवर लिस्टेरिया किंवा साल्मोनेला हे रोगजंतू असतील तर पाण्यात त्यांची चंगळ होते. कापण्याआधी फळ धुवावं तेही याचसाठी. साल आपण खात नाही हे खरं, पण सुरी सालीतूनच गरात जाते.

दुकानातलं हवाबंद ग्वाकामोले आठवडेच्या आठवडे हिरवं राहतं, त्यातही पाण्याचा हात आहे. अ‍ॅव्होकाडो तापवला की कडवट होतो, त्यामुळे उकळून टिकवायची सोय नाही. म्हणून भरलेली पाकिटं पाण्याच्या टाकीत ठेवून त्या पाण्यावर वातावरणाच्या सुमारे सहा हजार पट दाब देतात. समुद्राच्या सर्वांत खोल तळाशीही याच्या पाचव्या हिश्श्याएवढाच दाब असतो. त्यात जंतू मरतात, विकर बरंचसं लंगडं होतं. चव? बरी असते. पण फोडी नावालाही नसतात.

इतकं करूनही वर तपकिरी थर धरलाच, तर घाबरायचं कारण नाही. आंबूस वास, बुडबुडे, बुरशी यातलं काही दिसलं तर सरळ टाकून द्यावं. नुसता रंग गेला असेल तर ते खायला चालतं, जरा कडसर लागतं इतकंच. तो थर चमच्यानं खरवडला की खाली हिरवं असतंच. पाहुणे असतील तर मी खरवडतो. घरचेच असतील तर पाठ करून ढवळून टाकतो.