काउंट बरोबर असल्याची नोंद

पोटाच्या तातडीच्या शस्त्रक्रियेनंतर पाचव्या महिन्यात माझ्या बेंबीच्या डाव्या बाजूला हाताला गोळा लागू लागला. त्याआधी कित्येक आठवडे संध्याकाळी अंगात कणकण असायची, भूक मेली होती आणि वजन उतरत होते. पण मोठ्या शस्त्रक्रियेनंतर असे व्हायचेच, या समजुतीवर मी ते सोसत राहिले. सोनोग्राफीत गाठ दिसली, कर्करोगाची शंका घेतली गेली, आणि सीटी स्कॅन होईपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते माझे मलाच ठाऊक. स्कॅनमध्ये गाठीच्या आत हवेचे बारीक बुडबुडे आणि एक वेडीवाकडी पांढरी रेघ होती. ती रेघ म्हणजे पहिल्या शस्त्रक्रियेत पोटात राहून गेलेल्या मॉपमध्ये (रक्त टिपायच्या कापडी घडीमध्ये), तो एक्स-रेमध्ये दिसावा म्हणून, विणलेला धागा असल्याचे रेडिओलॉजिस्टने मला पडद्यावर दाखवले.

दुसरी शस्त्रक्रिया मी वेगळ्या सर्जनांकडे करून घेतली. बाहेर काढलेला मॉप टाकून न देता पॅथॉलॉजीकडे पाठवावा आणि त्याचे वर्णन अहवालात यावे, अशी लेखी विनंती मी आधीच केली होती, आणि पुढे तोच अहवाल सर्वांत उपयोगी पडला.

त्यानंतर पहिल्या रुग्णालयाकडे अर्ज करून मी संपूर्ण केसपेपर मागितला. पोट शिवण्यापूर्वी वापरलेले सगळे मॉप मोजतात, पण डिस्चार्ज कार्डावर त्या मोजणीचा उल्लेखही नव्हता. ती वेगळ्या पानावर होती, आणि तिथे ‘काउंट बरोबर’ असे लिहून सही केलेली होती. ही नोंद खोटी आहे असेच मला वाटले. परंतु नव्या सर्जनांनी समजावले की २००३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या, शस्त्रक्रियेनंतर शरीरात वस्तू राहून गेलेल्या ५४ रुग्णांच्या अभ्यासात जिथे मोजणी झाली होती तिथेही बहुतेक वेळा ती बरोबरच नोंदलेली होती. रक्ताने भिजलेले मॉप एकमेकांना चिकटतात, तातडीच्या वेळी सुरुवातीचाच आकडा चुकतो, आणि मग शेवटचा आकडा त्या चुकीशी तंतोतंत जुळतो. त्यामुळे सही करणाऱ्या नर्सवरचा माझा राग ओसरला. मात्र मी तीनदा तक्रार घेऊन गेले असताना एकदाही पोटाचा एक्स-रे काढला गेला नाही, याचा राग अजून आहे.

रुग्णालयाने चूक लेखी मान्य केली. तातडीच्या शस्त्रक्रियेत मोजणी जुळली तरी रुग्णाला थिएटरबाहेर नेण्यापूर्वी एक्स-रे काढावा, ही माझी मागणी त्यांच्या समितीपुढे आहे आणि तिचा पाठपुरावा मी करते आहे.