रेशी-कोकोची वही : अकराव्या कपापर्यंत

अकरावा कप काल रात्री झाला. कप रिकामा झाल्यावर तळाला बोट फिरवून चाटावंसं पहिल्यांदाच वाटलं, म्हणून आज वही उघडलीय. मागची नोंद दिवाळीच्या आधीची होती. तेव्हा माझ्याकडे उत्साह होता आणि रेशी नावाच्या औषधी अळंबीच्या शंभर ग्रॅम भुकटीचं एक महागडं पाकीट. उत्साह टिकला. पाकिटाचं काय झालं ते सांगतो.

सध्या नाशकात थंडी अशी आहे की निफाडचा पारा किती उतरला ते पेपरात बघितल्याशिवाय सकाळचा चहा उतरत नाही. गंगापूर रोडला आमच्या गॅलरीत रात्री धरणाकडचा वारा येतो. असल्या हवेत रात्री काहीतरी गरम हवं असतं. चहा घेतला तर झोप उडते, हळदीच्या दुधाचा मला लहानपणापासून कंटाळा. तिथून हा नाद लागला.

कप पहिला ते तिसरा एकाच वाक्यात संपतात: दोन चमचे कोको, एक चमचा रेशीची भुकटी, साखर, दूध, उकळी. रंग छान आला. घोट घेतला आणि जिभेवर वाळू. मुलीने कप नाकाजवळ नेला आणि म्हणाली, "बाबा, दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागतं ते पाणी आणलंत का?" गोदाघाटावरच्या या मारुतीपर्यंत चढलेला गढूळ पूर बघितलेल्या माणसाला ही उपमा समजावून सांगायला नको.

वाळू का लागते ते नंतर कळलं. अळंबीच्या पेशींची भिंत कायटिनची असते. खेकड्या-कोळंबीचं कवच ज्याचं बनतं तोच हा पदार्थ. तो पाण्यात विरघळत नाही आणि आपल्या पोटालाही नीट पचत नाही. ज्या बीटा-ग्लुकनसाठी (अळंबीतली गुणकारी मानली जाणारी तंतुमय द्रव्यं) हा सगळा खटाटोप, ती याच भिंतीत अडकलेली. ती सोडवायला पाण्यात बराच वेळ उकळावं लागतं. भुकटी दुधात ढवळून दोन मिनिटांत मोकळं होता येत नाही. रेशीला चिनी लोक लिंगझी म्हणतात आणि तिकडे तिचा काढाच करतात. आपल्याला काढा शिकवायला कोणी नको, तरी मी भुकटीच्या मागे लागलो. पाकिटावरचं चित्र फार सुंदर होतं, दुसरं काय.

त्या पाकिटाची एक परीक्षा घेतली. घरी सहज होण्यासारखी आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मेडिकलमधून टिंक्चर आयोडीनची छोटी बाटली आणली. तीन पांढऱ्या बश्या घेतल्या. एकीत चिमूटभर तांदळाचं पीठ, दुसरीत पाकिटातली भुकटी, तिसरीत रेशीच्या सुक्या कापाचा मिक्सरवर केलेला चुरा (काप वेगळीकडून मागवले होते). तिन्हींत थोडं थोडं पाणी आणि एकेक थेंब आयोडीन. तांदूळ क्षणात निळा-काळा. कापाचा चुरा आयोडीनच्याच तपकिरी रंगात राहिला. आणि आमची 'शुद्ध रेशी' तांदळाच्या बशीशेजारी तिची सख्खी बहीण शोभावी इतकी काळी.

म्हणजे आत स्टार्च होता, आणि अळंबीत स्टार्च नसतो. बऱ्याच भुकट्या अळंबीच्या फळाच्या नसतातच. धान्यावर बुरशीचं पांढरं जाळं वाढवायचं आणि धान्यासकट वाळवून दळायचं, असा तो प्रकार. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत 'मायसेलियम', म्हणजे तेच जाळं, असं छापलेलं होतं, मीच चष्मा लावून वाचलं नव्हतं. कंपनीचं नाव लिहीत नाही, असे बरेच आहेत. एक सूचना: उकळलेल्या पाण्यावर ही परीक्षा करणार असाल तर ते आधी पूर्ण गार होऊ द्या. गरम पाण्यात तो निळा रंग टिकत नाही आणि उगाच माल चांगला असल्याचा भास होतो. उरलेलं पाकीट कुंडीत गेलं. मोगऱ्याने तक्रार केलेली नाही.

चौथ्या कपापासून काप. रेशीचे सुके काप हातात घेतले तर सुताराच्या ढलप्या वाटतात. वरच्या बाजूला लाखेचा हात फिरवल्यासारखी लालसर तकाकी, खाली बुचासारखा फिकट भाग. वास पावसाळ्यात लाकडाच्या वखारीत येतो तो. दहा ग्रॅम काप, एक लिटर पाणी, स्टीलचं पातेलं, मंद आच, दोन तास. साधारण ३०० मिली उरतं, रंग कोऱ्या चहाचा. चव? काडेचिराईताची धाकटी बहीण. भांडी बाजारातून आणलेलं तांब्याचं पातेलं घरात आहे आणि ते वापरायचा मोह झाला होता, पण कल्हई उडालेली आहे, म्हणून हात आवरला.

गॅसचा हिशोब बायकोने मांडल्यावर कुकर लावून बघितला. अर्धा लिटर पाणी, तीन शिट्ट्या, मग बारीक आचेवर चाळीस मिनिटं. रंग उलट गडदच आला, चवीत मला फरक कळला नाही. आता कुकरच. तेच काप दुसऱ्यांदा उकळले तर बऱ्यापैकी रंग देतात, तिसऱ्यांदा नुसतं कोमट पाणी. काढा गाळून, पुन्हा आटवून ३०० मिलीवर आणतो आणि बर्फाच्या ट्रेमध्ये ओततो. पंधरा खडे होतात. कपाला दोन खडे, म्हणजे सव्वा-दीड ग्रॅम काप पोटात गेले असं धरायचं.

जाणकार विचारतील, दारूत भिजवून अर्क का काढला नाही? रेशीचा कडूपणा ज्या ट्रायटर्पीनमुळे येतो ती पाण्यात कमी उतरतात आणि अल्कोहोलमध्ये जास्त, हे मान्य. म्हणून दोन्ही पद्धतींचे अर्क एकत्र करतात. पण आमच्या फडताळात व्होडकाची बाटली महिनाभर मुरत ठेवली तर आई काय म्हणेल, याचा विचार करून सोडून दिलं. वाइनच्या गावात राहतो म्हणून सगळंच चालतं असं नाही. शिवाय पाण्यात उतरतो तेवढाच कडूपणा मला पुरून उरतो.

पाचवा कप फाटला. गूळ घातला होता, दूध उकळत असतानाच. गुळात थोडं आम्ल असतं, साधा कोकोही आम्लधर्मी, त्यात आच. तीन मिनिटांत कपात तपकिरी पनीर. गूळ दूध उतरवून जरा निवल्यावर घालायचा, हे बासुंदी करणाऱ्या कुठल्याही बाईने सांगितलं असतं. मी विचारलं नाही. आता खडीसाखर वापरतो आणि कोको बदललाय. रविवार कारंजाजवळ बेकरीचं सामान मिळतं, तिथून 'डच' किंवा अल्कलाइज्ड लिहिलेला आणला. ही हॉलंडच्या व्हॅन हौटेन बापलेकांची करामत. बापाने १८२८ साली कोकोतलं लोणी दाबून काढायच्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि लेकाने त्या पुडीला अल्कलीची प्रक्रिया दिली. त्याने आम्ल मारलं जातं, रंग गडद होतो, कडूपणा उतरतो. कोकोतले गुणकारी मानले जाणारे फ्लॅव्हनॉलही कमी होतात, हे गुणांचा हिशोब ठेवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं. मला रेशीच्या कडूवर आणखी कडू नको होतं.

सहावा आणि सातवा कप 'आयाळी'चे. लायन्स मेन या अळंबीला आमच्या घरात आयाळ म्हणतात. दिसायला पांढरी शुभ्र, झिपऱ्या सोडलेली. जपानमध्ये २००९ साली विसरभोळेपणा सुरू झालेल्या ५० ते ८० वयाच्या लोकांवर तिचा एक छोटा प्रयोग झाला होता. सोळा आठवडे गोळ्या दिल्या, चाचणीतले गुण वाढले, गोळ्या थांबवल्यावर चार आठवड्यांत पुन्हा घसरले. मोठ्या आशेने सुकी आयाळ आणली. पण सुकल्यावर तिला सुकटीच्या जवळ जाणारा वास येतो, आणि आमचं घर शाकाहारी. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "कोण आलंय?" कढईत कोरडी भाजली तर वास बराच कमी होतो, पण कोकोत ती मला रुचली नाही. उरलेली तुपात परतून मीठ-मिरी लावून खाल्ली. फर्मास.

चागा ही अशीच आणखी एक औषधी बुरशी, पण ती मी आणणारच नाही. तिच्यात मुतखड्याला कारण होणारं ऑक्झलेट भरपूर असतं. सहा महिने रोज चागाची भुकटी खाऊन मूत्रपिंड निकामी झाल्याची जपानमधली केस वैद्यकीय नियतकालिकात आली आहे. मला दोनदा मुतखडा झालाय. कोकोतही ऑक्झलेट असतंच, म्हणून माझा कप आठवड्यातून तीनदा, तोही दुधातला. दुधातलं कॅल्शियम आतड्यातच त्यातलं बरंचसं बांधून ठेवतं.

आठव्या कपाला रवी आली आणि सगळं बदललं. गोदाघाटावर बुधवारच्या बाजारात लाकडी रवी घेतली, वीतभर. मेक्सिकोत चॉकलेट फेसाळायला मोलिनिलो नावाची लाकडी रवीच असते आणि तीही दोन तळव्यांत धरून अशीच फिरवतात. रीत अशी: दोन खडे छोट्या पातेल्यात वितळवून कडकडीत करायचे. त्यात दोन चमचे चाळलेला कोको, चिमूटभर मीठ, आणि चमच्याच्या पाठीने खलायचं. चकचकीत, गुठळी नसलेलं, शाईसारखं दिसेपर्यंत थांबायचं, इथे घाई केली की पुढे काही खरं नाही. मीठ कडूपणा दाबतं, वगळू नका. मग २०० मिली गरम दूध, खडीसाखर, एक उकळी येऊ द्यायची आणि खाली उतरवायचं. पातेलं जरा कलतं धरून रवी फिरवायची, तिचं डोकं अर्धं दुधात, अर्धं बाहेर. बारीक फेस धरला की आवाज बदलतो, फडफड जाऊन सुरसुर येते. शेवटी जायफळ, किसणीवर दोनदा ओढून. कॉफीत जायफळ घालणाऱ्या माणसांना याचं कारण विचारू नये.

आईला रेशीचा थेंबही नाही. तिला रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे, रेशीनेही रक्त गोठण्यावर परिणाम होऊ शकतो, आणि डॉक्टरांनी विचारताक्षणी नाही सांगितलं. रेशीची भुकटी दीर्घकाळ घेतल्यावर यकृताला इजा झाल्याच्याही काही केसेस नोंदलेल्या आहेत. घरात कोणाला गोळ्या चालू असतील किंवा ऑपरेशन ठरलं असेल तर आधी विचारा. तिचा पेला स्टीलचा, माझा मग मातीचा, आणि तिचं आधी करून मग माझं. तिच्या पेल्यात नुसता कोको आणि जायफळ. ती माझ्या मगकडे बघून म्हणाली, "झाडावरची आळंबी औषधाला वापरायला तू चीन-जपानपर्यंत गेलास होय रे? माझ्या माहेरी फणसोंबा सहाणेवर उगाळून पोरांच्या हिरड्यांना लावायचे." आईचं माहेर राजापूरकडचं. फणसाच्या खोडावर वाढणारी ती कडक आळंबी मी लहानपणी बघितलीय, बाळगुटीच्या डब्यात. साफ विसरून गेलो होतो.

झोपेचं विचाराल तर बरी लागते. पण ती रेशीमुळे, की नऊला मोबाइल ठेवून रवी फिरवत बसण्यामुळे, ते मला वेगळं काढता येत नाही. दहानंतर घेतला तर मात्र नाही लागत. कोकोतलं थिओब्रोमिन हे कॅफिनच्या जातीचं उत्तेजक शरीरात तासन्‌तास रेंगाळतं. मी साडेआठला घेतो.

शिल्लक भानगड एकच, तळाशी कोकोचा गाळ बसतो. बाराव्या कपाला अर्धा चमचा कॉर्नफ्लॉर लावून बघणार आहे. पण आधी खडे करायला हवेत. परवा बायकोने फ्रीजरमधले चार खडे चिंचेचा कोळ समजून आमटीत टाकले. आमटी पहिल्या घोटालाच बाद झाली, आईच्या ताटात जायच्या आत. ट्रेवर आता चिकटपट्टी आहे, त्यावर मुलीने लाल स्केचपेनने लिहिलंय : 'चिंच नव्हे, बाबा.'