गिअरबॉक्स तापण्याचं मूळ अखेर सापडलं

टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलाच्या माध्यमातून गिअरबॉक्सकडे पोचवणारा भाग) ठणठणीत आहे, हेड गॅसकेट (इंजिनाच्या ब्लॉक आणि हेडमधलं सील) ठणठणीत आहे आणि जो रेडिएटर बदलायच्या तयारीत मी होतो त्याचाही यात काही हात नव्हता. गिअरबॉक्स तापत होता ट्रेलरच्या दिव्यांच्या कच्च्या अर्थिंगमुळे. ऐकायला विचित्र वाटेल, म्हणून सगळी साखळी सविस्तर लिहितो. जास्त धावलेली गाडी टोईंगसाठी, म्हणजे मागे ट्रेलर ओढायला, घेतलेल्या किंवा घ्यायला निघालेल्या प्रत्येकाने हे एकदा तपासून बघावं असं मला मनापासून वाटतं.

मागच्या नोंदी वाचलेल्यांना गाडी माहीत आहेच. लॅडर फ्रेम, डिझेल, पाच गिअरची ऑटोमॅटिक, घेतली तेव्हा मीटरवर २,८६,००० किलोमीटर. मागे होडीचा ट्रेलर, सामानासकट १,६०० किलो. सपाटीवर तक्रार नाही. लांब चढ लागला की एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, १२० अंश पार करून १२८ वर जायचं आणि मागोमाग कूलंट १०८. ट्रेलर सोडून त्याच चढावर त्याच वेगाने गेलं की एटीएफ ९० च्या आत.

अशा गाडीत काहीही बिघडलं की सगळ्यांचं बोट आधी किलोमीटरकडे जातं. ज्या गिअरबॉक्सवाल्याला दाखवली त्याने डिपस्टिकचा वास घेतला, मीटर पाहिलं आणि 'कन्व्हर्टर गेलाय, पूर्ण ओव्हरहॉल करावं लागेल' असं सांगून मोकळा झाला. ना स्कॅनर लावला, ना ट्रेलर जोडून चक्कर मारली. तेल काळपट होतं हे खरं, पण ते तापल्याचा परिणाम होता. तापतंय का, याचं उत्तर त्यात नव्हतं.

इंजिनाला मी आधीच निर्दोष ठरवलं होतं. ब्लॉक टेस्टरमधला (कूलंटमध्ये इंजिनाचा वायू शिरतोय का ते तपासणारं साधन) निळा द्रव निळाच राहिला. कूलंटमध्ये जळका वायू शिरत असता तर त्याचा रंग बदलला असता. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरांत जवळपास सारखं. इंजिन ऑइलच्या लॅब रिपोर्टमध्ये सोडियम-पोटॅशियम नगण्य, म्हणजे तेलात कूलंट नाही. रेडिएटरच्या जाळीवर इन्फ्रारेड थर्मामीटर फिरवला, कुठेही गार पट्टा नाही, म्हणजे नळ्या तुंबलेल्या नाहीत. व्हिस्कस फॅन गरम झाल्यावर व्यवस्थित घुमतो, बॉनेट उघडं असेल तर बोललेलं ऐकू येत नाही. मग उष्णता येते कुठून? कूलंटच्या आधी एटीएफ चढतं, हा क्रम मला सारखा खटकत होता. या गाडीत एटीएफचा कूलर रेडिएटरच्या खालच्या टाकीत आहे, त्यामुळे गिअरबॉक्सची उष्णता शेवटी कूलंटमध्येच येते. म्हणजे इंजिन गिअरबॉक्सला तापवत नव्हतं, गिअरबॉक्स इंजिनाला तापवत होता.

खरी डोकेफोड इथून पुढची. तापण्यात काही नियम दिसत नव्हता. भर उन्हात, हवा ३६ अंश असताना पूर्ण चढ एटीएफ ९७ वर ठेवून पार केला. तोच चढ संध्याकाळी, हवा बरीच गार झालेली, भार तोच, आणि एटीएफ १२५. गार हवेत जास्त तापणारा गिअरबॉक्स मी तरी ऐकला नव्हता. टाकीतलं इंधन, टायरचा दाब, नोज वेट (ट्रेलरच्या पुढच्या टोकाचं गाडीवर पडणारं वजन), सगळं जुळवून पाहिलं, काही हाती लागलं नाही. क्रूझ कंट्रोल मधूनच सुटतो ही तक्रार त्या यादीत नव्हतीच, ती स्वतंत्र म्हणून बाजूला पडली होती.

या टप्प्यावर स्वस्तातला ब्लूटूथ डाँगल मी कायमचा बाजूला ठेवला. त्याबद्दल माझं मत पक्कं झालंय: कोड वाचायला ठीक, पण चार-पाच रीडिंग एकदम मागितली की तो इतका रेंगाळतो की चढ संपल्यावर चढाचे आकडे दिसतात. वायरवाला इंटरफेस घेतला आणि एकाच पडद्यावर इंजिनाचा आरपीएम, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा आरपीएम, लॉकअपची (कन्व्हर्टरमधला क्लच, जो इंजिन आणि इनपुट शाफ्ट थेट जोडतो) आज्ञा, एटीएफ आणि ब्रेक स्विच (ब्रेक दाबलाय का ते कंट्रोलरला सांगणारा) अशी मांडणी केली. ब्रेक स्विच खरं तर जागा उरली म्हणून टाकला होता.

संध्याकाळी चढाला लागलो. इंजिन २,६५०, इनपुट शाफ्ट २,२५०. म्हणजे ४०० ची स्लिप (दोन्हींच्या फेऱ्यांतला फरक), लॉकअप सुटलेला. कन्व्हर्टरचा क्लच घसरत असता तर आज्ञा 'लॉक' दिसली असती आणि स्लिप तरीही राहिली असती. इथे आज्ञाच नव्हती. गिअरबॉक्सच्या कंट्रोलरने लॉकअप स्वतःहून सोडला होता. शेजारच्या ओळीत 'ब्रेक स्विच: ऑन'. माझा पाय ॲक्सिलरेटरवर. दिवे बंद केले आणि ब्रेक स्विच 'ऑफ', दोन सेकंदांत इंजिनाचा आरपीएम खाली, स्लिप जवळपास शून्य. दिवे लावले, परत 'ऑन'. संध्याकाळचं कोडं तिथेच सुटलं. हवेचा काही संबंध नव्हता, संध्याकाळी दिवे लागतात एवढंच.

ब्रेक दाबला की कंट्रोलर लॉकअप सोडतो, क्रूझही सोडतो. गाडीला वाटत होतं की मी अख्खा चढ ब्रेकवर पाय ठेवून चढतोय.

आता ४०० आरपीएमची स्लिप म्हणजे किती उष्णता, तेही मांडून बघा. चढावर इंजिन साधारण २५० न्यूटन मीटर टॉर्क देतंय असं धरलं तर ४०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ४२ रेडियन, गुणाकार साडेदहा किलोवॉट. दोन किलोवॉटचे पाच गीझर एकाच वेळी एटीएफमध्ये बुडवल्यासारखं. रिकाम्या गाडीला टॉर्क कमी लागतो, स्लिपही कमी, म्हणून ट्रेलरशिवाय कधी काही जाणवलं नाही. आणि ट्रेलरशिवाय हा दोष उरतच नव्हता.

तो कसा, हे अंगणात उभं राहून शोधलं. मुश्किल अशी की उभ्या गाडीत सगळं बरोबर दिसायचं. मल्टिमीटरने ट्रेलरच्या चेसिसपासून गाडीच्या चेसिसपर्यंत रेझिस्टन्स पाहिला, अर्धा ओहमसुद्धा नाही. मग जॉकी व्हील (ट्रेलरच्या पुढचं टेकूचं चाक) फिरवून कपलर, म्हणजे ट्रेलरचं पुढचं तोंड, गाडीच्या टो-बॉलवरून उचलला. सॉकेट जोडलेलं, दिवे चालू, ब्रेकला कुणाचा पाय नाही, आणि गाडीच्या मागच्या काचेतला तिसरा ब्रेक लाइट मंद लाल उजळला. इंडिकेटरही फिकट पेटले. कपलर परत टेकवला, सगळं विझलं. ट्रेलरचं अर्थिंग पांढऱ्या वायरमधून येतच नव्हतं, ते बॉलमधून येत होतं. सपाटीवर वजन वरून टेकलेलं असतं तोवर लोखंडाला लोखंड लागायचं. चढावर ओढ बसली की कपलर बॉलच्या दुसऱ्या अंगाला टेकायचा, आणि तिथे ग्रीसचा जाड थर.

पुढची वाट वायरिंग करणाऱ्यांना लगेच दिसेल. ट्रेलरच्या मागच्या दिव्यात दोन फिलामेंटचा बल्ब आहे, ५ वॉट टेलचं आणि २१ वॉट ब्रेकचं, अर्थ दोघांना एकच. तो अर्थ तुटला की टेलचा करंट ५ वॉटच्या फिलामेंटमधून येतो, जायला जागा नाही म्हणून २१ वॉटच्या फिलामेंटमधून उलटा ब्रेकच्या वायरवर चढतो. गाडीत सगळीकडे जुने बल्ब असते तर त्यांनी तो करंट गिळून टाकला असता. पण आधीच्या मालकाने पुढचे-मागचे सगळे बल्ब काढून एलईडी बसवलेत. एलईडी फार थोडा करंट घेतात, त्यामुळे ब्रेकच्या वायरवर साडेसात व्होल्ट तसेच तरंगत राहिले आणि कंट्रोलरने तो ब्रेक मानला. एलईडी एकटे निर्दोष, कच्चा अर्थ एकटा फारतर दिवे मंद करतो. दोन्ही एकत्र आले आणि गिअरबॉक्स भाजायला लागला.

पांढरी वायर सोलून पाहिली तर सॉकेटजवळ जोड चिमटा कनेक्टरने (वायर न सोलता नुसता दाबून बसवायचा) मारलेला. प्लास्टिकच्या आत तांब्याची हिरवी पूड झालेली, मोजून तीन-चार तारा जिवंत. होडीचा ट्रेलर दर वेळी पाण्यात उतरतो, तिथे हे कनेक्टर वापरूच नयेत. झटपट बसतात एवढाच त्यांचा गुण. आणि रेझिस्टन्स मोजून अर्थ पास करू नका. मीटर इतका कमी करंट सोडतो की तीन तारासुद्धा त्याला पुरतात. दिवे पेटवून, ब्रेक दाबून, भार असताना दोन टोकांमधला व्होल्टेज ड्रॉप मोजा. माझ्याकडे कपलर उचललेला असताना तो चार व्होल्टच्या वर होता. नवी वायर टाकल्यावर ०.०८. हा आकडा मी बराच वेळ नुसता बघत उभा होतो.

दुरुस्ती सरळ आहे. प्रत्येक दिव्याचा अर्थ ट्रेलरच्या चेसिसला न देता वेगळ्या वायरने थेट सॉकेटपर्यंत आणला, जोड सोल्डर करून आतून गोंद असलेल्या हीट श्रिंकने बंद केले. गाडीच्या बाजूला अर्थ सॉकेटच्या ब्रॅकेटवरून काढून थेट चेसिसवर घेतला, रंग घासून, दातेरी वॉशर घालून. नंतर संध्याकाळी, दिवे लावून, पूर्ण भार घेऊन तोच चढ चढलो. लॉकअप चौथ्या गिअरात शेवटपर्यंत धरून, स्लिप १० ते २०, एटीएफ ९६, कूलंट ९३.

आता यादी पार बदलली. कन्व्हर्टर उतरवायचं काम रद्द. पण १२८ अंश सोसलेलं तेल ठेवायचं नाही. गिअरबॉक्सच्या तळाचा तेलाचा पॅन उतरवला, त्यातल्या चुंबकावर राखाडी मऊ पेस्ट होती, ती इतक्या किलोमीटरला चालते. पत्र्याचे कण किंवा अस्तराचे तुकडे नव्हते. पॅनमधून निघतं ते तेलाचा एक भागच, बाकी कन्व्हर्टरमध्ये राहतं, म्हणून थोडं चालवून परत काढायचं, परत भरायचं. दाबाने फ्लश करण्यापेक्षा या वयाच्या गिअरबॉक्सला मला हेच बरं वाटतं. लेव्हल मात्र ठरलेल्या तापमानालाच पाहा.

रेडिएटर बदलायचं रद्द केलं होतं, ते हे लिहिता लिहिता परत यादीत घेतलं, आणि वरच्या नंबरला. कारण वेगळं. तो मूळचाच आहे, म्हणजे त्याच्या टाकीतला एटीएफ कूलरही तेवढाच जुना. तो आतून फुटला तर कूलंट आणि एटीएफ मिसळून गुलाबी दुधासारखा लगदा होतो, आणि कूलंटमधलं ग्लायकॉल गिअरबॉक्समधल्या क्लचच्या अस्तराचा गोंद सोडवतं. वाचवलेला गिअरबॉक्स त्यात घालवायचा नाही. एटीएफचा वेगळा कूलर आणून ठेवलाय, तो नव्या रेडिएटरच्या पुढे मालिकेत बसेल: आधी टाकीतून, मग हवेच्या कूलरमधून, मग गिअरबॉक्सकडे.

दुसरं, ट्रेलरचे दिवे गाडीच्या वायरींना जोडलेलेच नकोत. बॅटरीतून स्वतःच्या फ्यूजवर चालणारं वेगळं ट्रेलर मॉड्यूल टाकतो. ते गाडीच्या वायरींतून फक्त इशारा घेतं, करंट स्वतःचा देतं, त्यामुळे मागून काहीही उलटं आलं तरी ते गाडीपर्यंत पोचत नाही. आधी ट्रेलरवर सीलबंद एलईडी दिवे लावून भागवावं असं मनात होतं, त्यांत उलटी वाट सहसा मिळत नाही. पण उद्या कुणाचा दुसरा ट्रेलर जोडला तर तोच प्रकार. मॉड्यूल आधी, दिवे नंतर.

वापरलेली गाडी टोईंगसाठी बघायला जाणाऱ्यांनी एक करावं: शक्य असेल तर ट्रेलर जोडून, दिवे लावून चढावर न्या आणि स्कॅनरवर स्लिप आणि ब्रेक स्विच शेजारी ठेवा. हिच (ट्रेलर जोडायचा मागचा आकडा) आधीपासून असेल तर सॉकेटच्या मागचं कव्हर उघडा. तिथला एकेक जोड पाहिला की आधीच्या मालकाने गाडी कशी वापरली ते मीटरच्या आकड्यापेक्षा जास्त कळतं.

ज्यांनी सगळे दिवे एलईडी केलेल्या गाडीत असं मॉड्यूल बसवलंय त्यांनी कळवा की बल्ब गेल्याचा खोटा इशारा डॅशबोर्डवर येतो का. तेवढं कळलं की ऑर्डर टाकतो.